रस्ता आपल्या पैशाचा, आभार भाऊंचे: हे फलक बंद करावेत का?

जुळे_सोलापूरकर

आमच्या नगरात काँक्रीटचा रस्ता झाला. त्याआधी नारळ फुटला, तोही दोनदा. सकाळी एका गटानं फोडला, संध्याकाळी दुसऱ्यानं. दोघांनी कुदळ मारतानाचे फोटो काढले, खोबरं वाटलं, आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचे फलक, उभे राहिले. एकावर 'यांच्या अथक प्रयत्नांतून', दुसऱ्यावर 'यांच्या विशेष पाठपुराव्यातून'. पुढे ड्रेनेजच्या लाइनसाठी तोच रस्ता मधोमध चिरला आणि चर मुरूम टाकून बुजवला. डिजिटल आहेत तिथंच आहेत. आता गाडी चरात आदळली की मान आपोआप वर होते आणि नजर नेमकी आभारांवर जाते.

वाढदिवसाच्या डिजिटलबद्दल मी बोलत नाही. हौस आहे, खिसा त्यांचा आहे, चौक आपला असला तरी एक वेळ सोडून देऊ. माझा आक्षेप फक्त सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाच्या 'जाहीर आभारां'ना आहे. बँकेतून आपलेच पैसे काढल्यावर आपण कॅशियरच्या फोटोला हार घालतो का?

आठवून बघा. सोलापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नवं सभागृह निवडायला जानेवारी २०२६ उजाडलं. जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकांकडे होता. फलक कमी झाले का? छे. माजी होते, भावी होते, फक्त आजी कुणी नव्हतं. आणि गटाराच्या झाकणापासून हायमास्टपर्यंत सगळं त्यांच्याच 'प्रयत्नांतून' होत होतं.

माझी मागणी अशी: आभाराचे फलक काढा आणि त्या जागी कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, काम संपल्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी लिहा. म्हणजे अमुक वर्षांत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, ती मुदत. हे सगळं कंत्राटात लिहिलेलं असतंच. तेवढं चौकात आणा, बस्स.

पूर्वभाग

साहेब, जुळे सोलापुरात राहून हे बोलणं सोपं आहे. तुमच्या ओळखीत कुणीतरी इंजिनिअर असतो, कुणीतरी मंत्रालयात असतो. आमच्याकडं काय असतं ते सांगतो.

आमच्या बोळात चेंबरचं झाकण फुटलं. आई विड्या वळते. पानं आणायला, विड्या द्यायला तिला तिथूनच जायचं. ती महापालिकेच्या झोन ऑफिसला गेली, तर म्हणाले लेखी अर्ज द्या. आमच्या घरात तेलुगू. मराठी ती फडाफडा बोलते, पण लिहिणार कशी? परत आली. मग भाऊला फोन लावला. दुसऱ्या दिवशी झाकण बसलं. तेव्हा भाऊ कुठल्याही पदावर नव्हता, तुमच्या भाषेत 'भावी' होता. पद नसताना जो फायलीमागं फिरतो त्याचे आभार मानायचे नाहीत, तर कुणाचे? प्रशासकांचे? त्यांना आम्ही ओळखत नाही, ते आम्हाला ओळखत नाहीत.

आणि भाऊच्या डिजिटलवर भाऊचा मोबाइल नंबर असतो. तुमच्या त्या दोष दायित्व कालावधीला फोन लागतो का?

गप्प_बसा_संस्कृती

शेवटच्या वाक्याला शंभर पैकी शंभर.

बाळीवेस_बेधडक

काय बोललालाव मालक! झाकण बसवणं हे झोनवाल्याचं काम हाय. त्याला पगार हाय, गाडी हाय. तो काम करंना म्हणून भाऊ लागतो, आणि भाऊला डिजिटल लागतो. म्हंजे झोनवाला जितका झोपंल तितका भाऊ मोठा. मग झोनवाल्याला कायमचा उठवून भाऊ स्वतःच्या पोटावर पाय आणंल का? तो त्याला एका झाकणापुरताच उठवतो आणि परत पांघरूण घालतो. सोलापुरी चादर, जाड!

पूर्वभाग

पटतंय तुमचं. पण झोनवाला कायमचा उठेपर्यंत माझ्या आईनं उघड्या चेंबरवरनं उडी मारायची का, तेवढं सांगा.

बाळीवेस_बेधडक

आईला म्हणू नकोस बे, आई आपली हाय. झाकण बसवून घे, फोन कर, सगळं कर. पण दहा बाय वीसचा आभाराचा डिजिटल कशाला? चहा पाज की भाऊला.

फ्लेक्सवाला_अण्णा

माझं पोट याच धंद्यावर आहे, त्यामुळं माझं मत हवं तर धरू नका. माहिती मात्र घ्या.

आभाराचा डिजिटल डिझाइन करणं हे रस्ता करण्यापेक्षा किचकट काम आहे. सगळ्यात वर महापुरुष. त्यांचा क्रम गल्ली बघून बदलायचा. त्याखाली दिल्ली, मग मुंबई, मग जिल्हा. ज्याचे आभार तो बाजूला, कमरेपर्यंत, हात जोडून. पांढरा शर्ट नसेल तर आम्ही घालतो. खालच्या पट्टीत शुभेच्छुक, तिकिटाएवढी तीस-चाळीस तोंडं, निम्म्यांच्या डोळ्याला गॉगल. रात्री अकराला फाइल मशीनवर चढवली की फोन येतो, 'अण्णा, पप्पूचा फोटो बंटीच्या पुढं कसा?' फाइल उतरवा, पप्पूला मागं घ्या. अर्ध्या तासानं पप्पूचा फोन. एक फोटो राहिला म्हणून एका मंडळाची दोन मंडळं झालेली मी बघितली आहेत. (मला एकाची दोन गिऱ्हाइकं झाली, ते असो.) रस्त्याच्या ठेकेदाराला रात्री अकराला असा कुणाचा फोन येत नाही, की बाबा जाडी किती घेतलीस.

माल वाया जातो असं मात्र म्हणू नका. पावसाळा तोंडावर आला की खेड्यातनं माणसं जुने डिजिटल मागायला येतात. कडब्याच्या गंजीवर टाकतात, मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांवर टाकतात. भावी आमदार पोत्यांवर पालथे पडलेले असतात, पण कांदा भिजत नाही. त्यांच्या हातून झालेलं एवढं एक काम मी छातीठोक सांगू शकतो.

बंदी घालायची तर घाला. माझ्याकडं चार पोरं कामाला आहेत. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या आजोबांचं काय झालं ते सोलापुराला सांगायला नको.

वकीलवहिनी

अण्णा, तुमच्या धंद्याशी कुणाचं वैर नाही. पण बंदी 'घालायची' हा प्रश्नच उरलेला नाही. विनापरवाना फलक आजही बेकायदा आहेत. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांवर सविस्तर निकाल देऊन महापालिकांना कामाला लावलं. निदान कागदावर.

फोटोंचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो चालतील असं सांगितलं. वर्षाच्या आत, मार्च २०१६ मध्ये, त्यात मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही जागा झाली. पण हे सरकारी खर्चाच्या जाहिरातींपुरतं. 'समस्त रहिवासी मित्रपरिवार' स्वतःच्या वर्गणीतून आभार मानतो असं दाखवलं की तो निकाल तिथं पोचत नाही. म्हणूनच प्रत्येक आभाराच्या डिजिटलखाली समस्त रहिवासी असतात. त्या रहिवाशांना वर्गणी कुणी मागितली होती का, हे ज्याचं त्यानं आठवावं.

आता धागाकर्त्याला एक अडचण दाखवते. खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटींचा. खासदार फक्त काम सुचवतो; मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून होते. तरीही त्याच योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कामाच्या जागी कायमची पाटी लावा आणि तीवर खासदाराचं नाव टाका. म्हणजे नाव लावणं सरकारलाच मान्य आहे. दगडावर चालतं, मग फ्लेक्सवर का नको?

जुळे_सोलापूरकर

वहिनी, त्याच पाटीवर कामाचा खर्च आणि वर्षही लिहायचं असतं. तेवढं डिजिटलवर लिहा, मग भाऊंचा फोटो पांढऱ्या शर्टासकट राहू द्या. माझा राग नावावर नाही, रकमेशिवाय लावलेल्या नावावर आहे.

आमच्या बागेतल्या सिमेंटच्या बाकड्यांची गोष्ट बघा. पाठीला टेकायच्या जागी नाव कोरून रंगवलेलं. मध्ये सत्ता बदलली, तर जुन्या नावावर ऑइल पेंट मारून नवं नाव घातलं. बाकडं तेच, डुगडुगणारा पायही तोच. उन्हात रंग उडाला की खालचं नाव वर येतं आणि एकाच बाकड्यावर दोन पक्षांची युती झालेली दिसते. अशी बाकडी शहरात जागोजागी आहेत, पण एकावरही किंमत लिहिलेली मी पाहिली नाही.

उजनी_उणे

तुम्ही फ्लेक्स-फ्लेक्स खेळत बसा. आमच्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तेही रात्री-बेरात्री. पेपर उघडावा तर उजनी धरण 'उणे'. गावाकडच्या पाहुण्याला हे समजावून सांगायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. तो म्हणतो, उणे पाणी कसं असेल? मी सांगतो, धरणात ११७ टीएमसी मावतं, त्यातलं साधारण ६४ टीएमसी मृत साठा. त्याच्यावरचं सुमारे ५४ म्हणजे शंभर टक्के. मृत साठ्याला हात लावला की उणे सुरू. उणे साठ टक्के झालं तरी तळाला तीसेक टीएमसी असतं. तो म्हणतो, म्हणजे मेलेलं पाणी पिता होय? मी म्हणतो, हो, पण रोज नाही.

आणि पाणी यायचं कसं? शंभरावर किलोमीटर. धरणातून भीमेत सोडायचं, वाटेत जमीन पिणार, ऊन पिणार, पंप लावलेले पिणार. उरलेलं औजच्या बंधाऱ्यात अडवून टाकळीहून शहरासाठी उपसायचं. त्याला पर्याय म्हणून दिवसाला १७ कोटी लिटरची समांतर जलवाहिनी आखली. त्या एका पाइपनं जेवढे आभार आणि अभिनंदन वाहून आणलंय तेवढं पाणी आमच्या नळाला आलं असतं तर मी स्वतः अण्णांकडं ऑर्डर दिली असती. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपला नंबर नववा आला होता, तेव्हाही पेढे खाल्ले आपण. आधी नळ बोला, मग फलक.

जुळे_सोलापूरकर

अहो, हा तोच विषय आहे. पाण्याच्या गैरसोयीवर लोकांनी घरोघरी हौद बांधले, गच्चीवर टाक्या चढवल्या, नळाला मोटारी जोडल्या. ज्याचा हौद मोठा त्याला पाणी कधी येतं याचं सोयरसुतक राहिलं नाही. आणि ज्याच्याकडं हौद नाही, त्याच्या दारात टँकर उभा करून भाऊ फोटो काढतो. टँकरवर पुन्हा बॅनर. नळ रोज आला तर टँकरचा फोटो कुठून काढणार?

पुण्यात_पोटासाठी

वीस वर्षांपूर्वी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला आलो तो इथलाच झालो. इथंही हेच आहे हो, फक्त फॉन्ट बरा असतो. गावी येतो तेव्हा स्टेशनबाहेर पाय ठेवला की कळतं सध्या कशाचं श्रेय चालू आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वंदे भारतचं होतं. मग विमानाचं.

विमानावरनं आठवलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, कारण ती विमानाच्या वाटेत होती. गोव्याचं विमान उडालं जून २०२५ मध्ये. त्या विमानाच्या श्रेयाला धावपट्टी पुरली नाही. चिमणी पाडली म्हणून जाहीर आभार मानणारा डिजिटल मात्र मला कुठं दिसला नाही. चिमणी आणि विमान एकाच कामाचे दोन तुकडे होते ना?

बाळीवेस_बेधडक

पुण्यातनं शहाणपण शिकवलालाय बघा. तुमच्या पाट्या आधी उतरवा, मग आमचे डिजिटल उतरवू. पण चिमणीचं बोललास ते खरं बोललास.

घरकुलवाली

मी सहसा लिहीत नाही. कुंभारीच्या रे नगरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्याआधी किती वर्षं लाल बावट्याचे मोर्चे निघाले ते सोलापूरनं पाहिलंय. माझ्या सासूबाई त्या मोर्चांना जायच्या. सकाळी भाकऱ्या थापून, विड्यांचं सूप बाजूला ठेवून. घराला पैसे केंद्राचे आले, राज्याचे आले, आणि बायकांनी आपल्या वाट्याचे भरले ते वेगळेच.

मग श्रेय कुणाचं? मोर्चा काढणारे म्हणतात आमचं, सरकारवाले म्हणतात आमचं. मला दोन्ही पटतं. लढणाऱ्यांचं नाव निघावं, देणाऱ्यांचंही निघावं, मला त्याचा त्रास होत नाही. जुळे सोलापूरकर म्हणतात तसं सगळंच खरवडून नुसती रक्कम लिहिली तर सासूबाईंचे मोर्चे कुठं जातील? रकमेच्या पाटीवर ते बसत नाहीत. पण हेही खरं की आजवर कुठल्याच फलकाच्या खालच्या पट्टीत, त्या तिकिटाएवढ्या तोंडांत, हप्ता भरणाऱ्या एका बाईचं तोंड मी पाहिलं नाही.

फ्लेक्सवाला_अण्णा

ताई, खरंय. बायकांचे फोटो आले तर 'सौ.' लावून, भाऊच्या शेजारी. आणि आता ज्यांच्या राखीव जागा झाल्या त्यांचे. तिथंही नवऱ्याचा फोटो मोठा घ्या म्हणून सांगतात.

वकीलवहिनी

अण्णा, हा एक वेगळा धागा होईल. आत्ता नको, माझं रक्त तापेल.

रे नगर आणि भूमिपूजनाचा डिजिटल यांत मला फरक दिसतो. तिथं मागणाऱ्यांनी रस्त्यावर येऊन मागितलं, सगळ्यांना दिसलं. इथं प्रभागात बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवक आहेत. २६ प्रभाग, १०२ जागा. एका रस्त्यामागं चार दावेदार, अधिक पडलेले, अधिक पुढच्या वेळचे. कुणी नेमकं काय केलं हे मतदाराला कळायचं साधन एकच: फलक. आणि तो ज्याच्याकडं पैसे तो मोठा लावतो. काम न केलेलाही लावतो. त्यामुळं पूर्वभागच्या भाऊंनी खरंच झाकण बसवलं असलं तरी त्यांचा डिजिटल आणि नुसता नारळ फोडणाऱ्याचा डिजिटल सारखाच दिसतो. तोटा खऱ्या भाऊंचाच आहे.

पूर्वभाग

हे कुणी आधी सांगितलं असतं तर इतका वेळ भांडलो नसतो. आमच्या भाऊनं झाकण बसवलं आणि शेजारच्या गटानं त्याच झाकणाचा डिजिटल लावला, हे झालंय आमच्याकडं. त्यावरनं मारामारी झाली.

पण तरी माझं म्हणणं कायम. माणसाचं नाव आणि फोन नंबर फलकावर पाहिजेच. नुसत्या रकमेला घेऊन मी काय करू?

उजनी_उणे

झाकणावरून मारामारी. आणि माझ्या नळाचं कुणी बोलेना.

जुळे_सोलापूरकर

ठीक. मग नाव राहू द्या, नंबर राहू द्या, पण ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि दायित्वाची तारीख सक्तीची. आमच्या रस्त्याचंच घेतो. ठेकेदार म्हणतो, माझा रस्ता चांगला होता, तुमच्याच ड्रेनेज खात्यानं फोडला, आता दुरुस्ती माझ्याकडं नाही. ड्रेनेजवाले म्हणतात, चर आम्ही बुजवला, वरचं काँक्रीट बांधकाम खात्याचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे चर. तारीख चौकात लिहिलेली असती तर खोदायच्या आधी निदान कुणीतरी विचारलं असतं.

मी आमच्या रस्त्यापुरता असा एक फलक स्वतःच्या खर्चानं लावायचं ठरवलंय. अण्णा, किती होतील?

फ्लेक्सवाला_अण्णा

चार बाय सहा करू. फोटो नाही, क्रम नाही, रात्रीचे फोन नाहीत. छपाई माझ्याकडनं फुकट, बांबू आणि सुतळीचे तेवढे द्या. मजकूर आणा.

वकीलवहिनी

मजकुरासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये फी, उत्तराची मुदत तीस दिवस. खरं तर २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार न मागता जाहीर करायच्या गोष्टींतलीच ही माहिती आहे, पण तो वाद मुजोर बाबूशी घालण्यात पावसाळा निघून जाईल.

आणि फलकाला महापालिकेची परवानगी घ्या. तुमचा फलक विनापरवाना असला तर शहरातल्या सगळ्या बेकायदा डिजिटलमधून तोच पहिला उतरवतील, तोही दुसऱ्याच दिवशी.

जुळे_सोलापूरकर

परवानगीसाठी झोन ऑफिसला जाऊन आलो. लेखी अर्ज द्या म्हणाले. दिला. साहेब साइटवर आहेत म्हणाले.

पूर्वभाग

मालक, भाऊला एक फोन टाकू का?

बाळीवेस_बेधडक

टाक बे. पण आभाराचा डिजिटल लावायचा नाही, आधीच सांगलालाव.